शेनासचा शिक्का

रविवार, ५ फेब्रुवारी २०१७

रेझिस,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशीलच. तरी फाडलंस, बरं केलंस. आणि न फाडता कचऱ्यात टाकलं असशील, तर आर्मेल ते बाहेर काढून तुला वाचून दाखवेल. तुझी बायको तुझ्यापेक्षा शहाणी आहे, हे मी तुमच्या लग्नातच म्हटलं होतं.

लिहिण्याचं कारण सांगते. यंदा सतराचं साल, म्हणजे आपलं, साताच्यांचं. सातानं संपणाऱ्या सालात जन्मलेला गावातला जो तो टोपीला फीत लावून चालणार. विशीचे हिरवी लावतील, पन्नाशीचे तांबडी, आणि आपण सत्तावन्नचे, आता साठीचे, निळी. मिरवणूक एकवीस मेला आहे. तिच्या आधीच्या रविवारी नेहमीसारखी सायकलची फेरी, दहा नावांच्या वाइनची दहा ठिकाणं, दर ठिकाणी कार्डावर शिक्का, एकशे बारा किलोमीटर आणि शेवटी ब्रुईचा डोंगर. तू यावंस. फेरीला नाही जमलं तरी मिरवणुकीला यावंस. साठी एकदाच येते आणि जुळ्यांनी ती वेगवेगळ्या गावांत काढू नये. एवढंच लिहायचं होतं.

आता विषय निघालाच आहे म्हणून एक सांगते. दोन हजार सातला कार्डं तपासायचं काम माझ्याकडे होतं. ते मी मागून घेतलं नव्हतं, मला दिलं होतं, कारण माझ्या हातून चूक होत नाही असं लोक म्हणायचे. नियमात स्पष्ट होतं की शिक्क्यावर त्या गावाचं नाव हवं. तुझ्या कार्डावर शेनासच्या जागी ला शापेल होतं. शेनासचा कॅफे बंद, मालकीण लेकीच्या धर्मविधीसाठी चर्चमध्ये, म्हणून तू वेशीपलीकडे फिलिबेरच्या तळघरात जाऊन त्याचा शिक्का मारून आणलास. फिलिबेरची वाइन शेनास, दारावर हातभर अक्षरांत शेनास, पण घर पडतं ला शापेलच्या हद्दीत. जिल्हासुद्धा दुसरा. इथलं शेंबडं पोरही हे जाणतं. बाकी सगळ्यांनी कॅफे उघडल्यावर तिथला शिक्का घेतला. फेरी संपल्यावर मी मांडवात सगळ्यांसमोर म्हटलं, “नऊच आहेत. हे कार्ड बाद.” सख्खा भाऊ म्हणून सोडला असता तर गाव मला काय म्हणालं असतं? मला त्यात आजही चूक दिसत नाही.

तू भरलेला ग्लास तसाच ठेवून निघून गेलास. ऑगस्टात घर आवरलंस आणि आर्मेलच्या माहेरी, थेट ब्रेस्तला. एका शिक्क्यासाठी माणूस देशाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन राहतो का?

टोप्या मागवायच्या आहेत. डोक्याचं माप कळव.

तुझ्याहून वीस मिनिटांनी थोरली,
जोझियान

रविवार, २६ मार्च २०१७

धाकट्या,

माप आलं नाही. मी अंदाजानं टोपी मागवली. आपल्या घरातली डोकी मोठीच, तेव्हा चुकले असले तरी फार चुकले नसेन.

मी फेरी करणार आहे, हे तुला कुणीतरी कळवलं असेलच. नसेल तर मी कळवते. वेलींची छाटणी संपली, आता फांद्या तारांना बांधायचं काम चालू आहे. ते चारला आटपलं की सायकल काढते. गाव हसतं. हसतील त्यांचे दात दिसतील, माझं काय जातंय? काल बेबेर शाळेच्या खिडक्या रंगवत होता. आपलाच बेबेर, तुझ्या मागच्या बाकावर बसून पावाचे गोळे मारणारा. शिडीवरून ओरडला, “काय गं म्हातारे, सायकल तुला नेतेय की तू सायकलीला?”

“खाली उतर आणि ये माझ्या मागं.”

“मी काय वेडा आहे? साठीला माणसानं बसून प्यावं.”

“विशीत तू वेगळं काय करत होतास?” म्हटलं आणि त्याच्या अंगावर चिखल उडेल अशी वळले.

मागच्या वर्षी सायकल बंद होती. काही विशेष नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, सध्या सपाटीवर चालवा. मी विचारलं, बाई, तुम्ही इथल्याच ना, मग सपाटी कुठं आहे तेवढं दाखवा. नदीकाठानं तीस किलोमीटर होतात. चढ अजून घेतलेले नाहीत. डाव्या पायानं जोर लावताना थोडं जपावं लागतं, पण ते वयानं सगळ्यांचंच होतं.

आईच्या वेळी तू कबरीच्या पलीकडच्या बाजूला उभा होतास. मी कॉफी मांडली होती, सुक्या आलुबुखारांचा केक केला होता. आपल्या घरात तो तुझ्याशिवाय कुणाला आवडतो? तू फाटकातूनच परत गेलास आणि केक बेबेरनं संपवला. तुला हे कधी सांगितलं नाही, पण जायच्या आठवडाभर आधी आई मला म्हणाली होती, “एका पोटात मावलात दोघं, आणि एका गावात मावत नाही.” मी म्हटलं, हे त्याला सांग. ती म्हणाली, “त्याला सांगून झालं. आता तुला सांगतेय.”

मला वाटलं, मीच का?

मिरवणूक एकवीसला आहे. फेरी चौदाला. लिहायचं नसेल तर लिहू नकोस, पण ये.

जोझियान

सोमवार, १५ मे २०१७

रेझिस,

केली. एकशे बारा किलोमीटर, जेवणखाण धरून दहा तास चाळीस मिनिटं, आणि एकाही चढाला सायकलवरून उतरले नाही. हे आधी लिहिते, कारण पुढचं लिहिल्यावर हे लिहायला तोंड राहायचं नाही.

दुसरं म्हणजे माझा डावा खुबा माझा नाही. दोन हजार पंधराच्या ऑक्टोबरात बदलला. चार महिने कुबड्या घेऊन फिरत होते. तुला कळवलं नाही, कारण तू येशील अशी भीती होती, आणि येणार नाहीस अशीही. आता त्या धातूच्या खुब्यानं मी आव्हनासची खिंड चढले आहे. डॉक्टरीणबाईंना आज सकाळी फोन करून सांगितलं. त्यांनी किलोमीटरचा आकडा दोनदा विचारून घेतला. मला फार बरं वाटलं.

सकाळी साडेसहाला तेवीस जण निघालो. नदीवर धुकं होतं. एप्रिलच्या हिमानं सखल भागातल्या वेली करपल्यात, सँतामूरपर्यंत कडेला तपकिरी कोंब दिसत होते, पण वरच्या उतारांवर सगळं शाबूत आहे. माझंही शाबूत आहे. सँतामूरला पहिला शिक्का, ज्युलियेनासला बेकरीत दुसरा. तिथवर तरण्या पोरांना माझी पाठ दिसत होती. चढ लागल्यावर त्यांनी मला मागं टाकलं, पण तोंडानं “बाई, पुढे जाऊ का?” असं विचारून. हे मी मुद्दाम लिहितेय.

शेनासला कॅफे आता कायमचा बंद आहे. समितीनं गावच्या कचेरीच्या दारात टेबल मांडून शिक्का दोरीनं कठड्याला बांधून ठेवला होता. मी तो हातात घेतला. कार्डावर टेकवायचं तेवढं राहिलं होतं. मग काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. मला बघायचं होतं, त्या दिवशी तू किती लांब गेला होतास. शिक्का परत ठेवला आणि फिलिबेरच्या रस्त्याला लागले. साडेचारशे मीटर. तेही उताराचे. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले की रेझिस गाव सोडून भलतीकडे गेला होता, आणि भलतीकडे म्हणजे एवढंच निघालं.

फिलिबेर ब्याऐंशीचा झालाय. अंगणात बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसला होता. मला बघून म्हणाला, “शिक्का कचेरीत आहे, पोरी.”

“मला तुमचा हवाय.”

“माझ्या शिक्क्यावर ला शापेल आहे. वेली शेनासच्या, वाइन शेनासची, आणि मत द्यायला मात्र ला शापेलला जातो. आमच्या हद्दीची ही अशी गंमत आहे.”

“माहीत आहे.”

त्यानं चष्मा कपाळावर चढवला. “तू त्या पोराची बहीण. तोंडावळा तोच.” मग शिक्का आणायला आत गेला आणि आतूनच बोलत राहिला. “त्यालाही मी हेच सांगितलं होतं, बरं का. म्हटलं, बाबा, शिक्का मारतो, पण नाव दुसऱ्या गावाचं आहे. नंतर कुणी हरकत घेईल. तर हसला. म्हणाला, मारा बिनधास्त, कार्डं तपासणारी माझी बहीणच आहे.”

रेझिस, मी त्याच्या हातात कार्ड दिलं. फिलिबेरनं शिक्का मारला, फुंकर घालून वाळवला, मला सॉसेजचे दोन काप आणि बोटभर वाइन दिली. ती मी कशी प्यायले आठवत नाही.

मी दहा वर्षं धरून चालले होते की तुला ती हद्द लक्षात आली नाही, की तू घाईघाईत चुकलास. तुला ठाऊक होतं. तू माझ्या भरवशावर शिक्का घेतलास.

तिथून पुढे शिरूब्लचा चढ लागतो. तुला सांगायला नको, तिथं माणसाला विचार करण्याखेरीज दुसरं काम नसतं. पाय फिरत राहतात आणि डोकं बसतं खणत. बागांमधून रस्ता वळसे घेत वर जात होता आणि मी स्वतःशीच भांडत होते. नियम होता. बरं, नियम होता. मग ज्या वर्षी फ्लरीची बेकरी बंद होती तेव्हा मी पोस्टमननं सही केलेली चार कार्डं कशी धरली? त्या चौघांत माझा भाऊ नव्हता म्हणून? की त्या चौघांतलं कुणी माझ्या पुढे आलेलं नव्हतं म्हणून?

तू चाळीस मिनिटं आधी पोचला होतास. शेनासच्या कॅफेलाही तू इतका लवकर पोचलास म्हणूनच ते दार बंद होतं. मी तिथं आले तोवर मालकीण चर्चमधून परत येऊन कॉफी ओतत होती. तू जोरात चालवलीस, एवढाच तुझा गुन्हा. जन्माला मी पहिली, शाळेत मी पहिली, बाबांनी ट्रॅक्टरवर आधी बसवलं ते मला. पन्नासाव्या वर्षी तू मला चाळीस मिनिटांनी मागे टाकलंस, मांडवात खुर्ची ओढून बसलास आणि मी धापा टाकत आले तेव्हा म्हणालास, “बस गं, तुझ्यासाठी ग्लास भरून ठेवलाय.” तू प्रेमानं म्हणालास. मला तेच सहन झालं नाही. मग तुझं कार्ड हातात आलं आणि त्यावर ला शापेल दिसलं. मला आनंद झाला, रेझिस. हे मी आजवर कबुलीच्या वेळी पाद्रीबाबांनाही सांगितलेलं नाही.

आणि गावच्या हॉलमधली फेरीची ती पाटी. नावं पोचल्याच्या क्रमानं लिहितात. तू बाद झाल्यावर दोन हजार सातच्या रांगेत सगळ्यात वर माझं नाव आलं. दहा वर्षं मी त्या हॉलमध्ये शिरताना मान वर करून ते वाचत आले आहे.

मला माफ कर. हे मी एकदाच लिहिणार आहे, तेव्हा नीट वाच.

तू मला ओळखतोस म्हणून सांगते, एवढं सगळं मनात येऊनही मी चढाला उतरले नाही. उलट जास्त जोर आला. आव्हनासच्या खिंडीत बेबेर खाण्यापिण्याची गाडी घेऊन उभा होता. “पाणी की ब्रुईची वाइन?” विचारलं त्यानं. मी पाणी म्हटल्यावर माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. उतारावर वारा इतका सुटला होता की डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते वाऱ्यानंच येत होतं असं मी धरून चालले. बोझो मागं पडलं, सहा शिक्के झाले, सात, आठ, मॉर्गनला नऊ.

ब्रुईचा डोंगर मी सगळ्यात शेवटून दुसरी चढले. माझ्या मागं फक्त नोटरीचा जावई होता, आणि तो उतरून सायकल ढकलत होता. दुसऱ्या वळणावर पुढचं चाक उचललं जाईल असं वाटतं, आठवतंय ना? तिथं डोळे रस्त्यावर ठेवले आणि मोजत राहिले. शंभरापर्यंत तीनदा. माथ्यावरच्या छोट्या चर्चपाशी पोचले तेव्हा मी माझी मलाच एवढी आवडले, की काय सांगू. खाली सगळ्या बागा, आपली पत्र्याची शेड, नदी, आणि मी साठ वर्षांची, दुसऱ्याच्या कारखान्यात घडलेल्या खुब्याची. कुणी बघत नव्हतं म्हणून घंटेची दोरी एकदा ओढली.

यंदा कार्डं तपासायला नादेज बेकरीवाली आहे, आपल्यातलीच, पण पन्नाशीची. तिनं माझं कार्ड पाहिलं आणि आवाज खाली आणला. “जोझियान, इथं ला शापेल आहे.”

“हो.”

“मी नाही पाहिलं. दे इकडे.”

“तू पाहिलंयस. शुक्रवारच्या सभेपर्यंत ते असंच ठेव. मला तिथं बोलायचंय.”

काय बोलणार आहे ते तुला आधी कळावं म्हणून हे आजच टाकते. शुक्रवारी मी गावापुढे सांगणार की तू दहा केले होतेस आणि पहिला आला होतास, आणि तुला बाद का केलं तेही. तू ये किंवा येऊ नकोस. ते मी सांगणारच.

जोझियान

रविवार, २१ मे २०१७, सकाळी सात

रेझिस,

हे टपालात जाणार नाही. कॉफीच्या भांड्याला टेकवून ठेवतेय. आर्मेल म्हणाली की रात्र वाटेत काढून साडेनऊपर्यंत पोचाल. मला थांबता येत नाही, ऐंशीच्या मंडळींना फिती टाचून द्यायच्या आहेत आणि त्यांची बोटं चालत नाहीत. दार उघडंच आहे. केक झाकून ठेवलाय.

गुरुवारी फोन उचलला तेव्हा मला वाटलं होतं, तू शिव्या देशील. मी तयार होते. तर दहा वर्षांनी तुझं पहिलं वाक्य काय, तर “ब्रुईला मागचं चक्र किती दात्यांचं लावलंस?” मी बत्तीस म्हटल्यावर तू हसलास. “बत्तीस? त्यानं तर दूधवालीसुद्धा चढेल. मी पंचविसावर गेलो होतो.” मी म्हटलं, पन्नाशीत गेला होतास, आता साठीत ये आणि जाऊन दाखव. मग मागून आर्मेलचा आवाज आला, “अरे, निघायचं कधी ते सांग ना तिला.” तेव्हा मी जे काही बोलले ते मला आठवत नाही. तुलाही आठवत नसेल तर बरं.

शुक्रवारचं सांगते. पंचेचाळीस जण होते. मी उभी राहिले आणि जसं तुला लिहिलं तसंच सांगितलं, चाळीस मिनिटांसकट. खाली बसले. मला वाटलं, आता हे गाव आपल्याला कधी तोंड वर करू देणार नाही. मग नादेज हळूच म्हणाली, “जोझियान, आम्हाला ठाऊक होतं. त्याच दिवशी सगळ्यांना ठाऊक होतं.”

“मग कुणी बोललं का नाही?”

“तुला?” बेबेर म्हणाला. “आमच्यात कुणाची छाती होती?”

सगळे हसले. मी नाही हसले. घरी आल्यावर लक्षात आलं की तू शिक्क्यासाठी गेला नव्हतास. सगळ्या मांडवाला खरं ठाऊक होतं आणि एकानंही तोंड उघडलं नाही, त्यासाठी गेलास. ते मी आजवर पाहिलंच नव्हतं. ते मी त्यांनाही काल सांगितलं, एकेकाच्या दारात जाऊन. आता तुझ्यासमोर सगळे जरा मान खाली घालून येतील. त्यांना फार छळू नकोस, थोडंसं छळ.

नियमात सुधारणा झाली आहे. फिलिबेरचं तळघर शेनास धरलं जाईल, मागच्या सगळ्या सालांसकट. म्हणून माझं कार्डही धरलं. तेवीसमध्ये बाविसावी. पाटीवर ते नाव तळाशी, फक्त एकाच्या वर आहे आणि मला त्याचा त्या पहिल्या नंबराच्या नावापेक्षा जास्त अभिमान आहे. दोन हजार सातची रांग बेबेरनं खरवडून नव्यानं लिहिली. तुझं नाव वर, माझं खाली. तुझी अक्षरं माझ्याहून अर्ध्या बोटानं मोठी झालीत. मी त्याला एकदाच बोलले.

साठीचे आम्ही पाच जण उरलोत, तुला धरून सहा. एका ओळीत, हात हातांत अडकवून, नेहमीसारखं. माझ्या उजव्या बाजूची जागा मी कुणाला दिलेली नाही. दहाच्या ठोक्याला चर्चपासून निघायचं. गाव कुणासाठी थांबत नाही, ते तू जाणतोस.

मी सावकाश चालेन.

जोझियान